ई-२० वर गाडीचं ट्यूनिंग: आधी पेट्रोलचं माप, मग ठिणगीची वेळ

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात पुणे-नाशिक रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला नाही असा चालक सापडणार नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला हा ऊस जुन्नरमध्ये निवृत्तीनगरच्या विघ्नहर कारखान्याकडे जातो, आंबेगावात दत्तात्रयनगर-पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे. एक टन उसाचा रस थेट इथेनॉलकडे वळवला तर साधारण ७० लिटर इथेनॉल मिळतं. आणि आज पंपावर टाकीत पडणाऱ्या प्रत्येक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे २०० मिलि इथेनॉल असतं, म्हणून त्याला ई-२० म्हणतात.

हा लेख त्या वाचकांसाठी आहे ज्यांना गाडी नुसती चालवायची नाही, पळवायचीही आहे. आपल्या दोन तालुक्यांत अशी मंडळी खूप आहेत. शेजारच्या चाकणमध्ये २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे, तिथे बनलेल्या पोलो टीएसआय इथल्या गावागावांत दिसतात. बजाजच्या चाकण कारखान्यातून निघणारी केटीएम ड्यूक ३९० कॉलेजच्या पोरांची लाडकी. आणि घरातल्या थोरल्याने जिवापाड जपलेली यामाहा आरएक्स १०० आहेच. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ई-२० ने गाडीची वाट लागेल, की उलट जोर वाढेल?

दोन्ही होऊ शकतं. इथेनॉल इंजिनाला जोर द्यायला तयार असतं, पण त्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त इंधन मागतं. ती मागणी पुरी केली की गाडी थंड राहते, नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या ठोक्यांना) दाद देत नाही आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे घेता येतं. मागणी अर्धवट ठेवून नुसतं टायमिंग पुढे ढकललं, तर पिस्टन जातो. म्हणून शीर्षकातला क्रम पाळायचा. बाजारात विकले जाणारे बहुतेक ‘इथेनॉल मॅप’, म्हणजे इंजिनाच्या संगणकात भरायचे इंधन आणि टायमिंगचे तक्ते, याच क्रमात घोटाळा करतात.

आकडे समजून घ्या

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला एका किलोमागे ९ किलो हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाचं गणित १३.५ वर येतं, दहा टक्क्यांचं १४.१ वर. म्हणजे तेवढ्याच हवेत शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० सुमारे साडेसात टक्के जास्त सोडावं लागतं आणि ई-१० च्या तुलनेत जवळपास चार टक्के. ई-८५ वर जायचं तर ही वाढ चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते.

लिटरमागची ऊर्जा मात्र घटते. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१ च्या आसपास. म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं, आणि ते कुठल्याही ट्यूनिंगने पूर्ण भरून निघत नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात हे स्पष्ट दिलं आहे: जुन्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी बेतलेल्या चारचाकींत ई-२० वर ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी घडवून ई-२० साठी बेतलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. ‘आमच्या मॅपने अ‍ॅव्हरेजही वाढेल आणि पॉवरही’ असं कुणी सांगितलं तर त्याला पूर्ण थ्रॉटलवरचे आकडे मागा.

आता मिळकतीची बाजू. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता, ई-२० चा ९५ आहे. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. सिलिंडरात जाणारी हवा थंड होते, थंड हवा दाट असते आणि नॉकिंग लांबणीवर पडतं. टर्बो इंजिनाला याचा सर्वांत जास्त फायदा. स्वीडनच्या साबने २००५ च्या सुमारास ९-५ बायोपॉवर आणली, ती याचं उत्तम उदाहरण. तेच दोन लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ती द्यायचं आणि ई-८५ वर १८०. इंजिन तेच राहून तीस अश्वशक्ती वाढली, कारण संगणक इंधन ओळखून बूस्ट आणि टायमिंग दोन्ही बदलत होता. मॅप तसाच ठेवून साबने नुसतं ई-८५ भरलं असतं तर हे घडलं नसतं.

तेव्हा अपेक्षा माफक ठेवा. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनावर ई-२० चा फायदा जाणवेल न जाणवेल इतकाच. ज्याचं कॉम्प्रेशन जास्त आहे आणि जे ९१ ऑक्टेनवर टायमिंग मागे घेऊन चालत होतं, उदाहरणार्थ ड्यूक ३९०, त्याला थोडा. टर्बोला चांगला.

गाडी कोणत्या सालची?

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर, सील आणि पाइप ई-२० सहन करणारे आहेत. टाकीच्या झाकणाजवळ तसं स्टिकर असतं. त्याआधीच्या गाडीला हात लावण्यापूर्वी इंधनाचा अख्खा मार्ग तपासून घ्या. साधं नायट्राइल रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरतं. बुचाचं गॅसकेट, जुन्या कार्बोरेटरमधला जस्ताचा भाग, पितळेची जेट यांनाही त्रास होतो. पाइप बदलताना मेकॅनिककडे व्हायटॉनचा किंवा ई-२० ला चालणारा इंजेक्शन होज मागा. मीटरमागे थोडे पैसे जास्त जातात. ते द्या. गरम इंजिनाशेजारी झिरपणारा पाइप हा ट्यूनिंगमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक दोष आहे.

इथेनॉल टाकीतला जुना चिकटा आणि गंज सोडवून पुढे ढकलतं. त्यामुळे जुनी गाडी ई-२० वर आल्यावर सुरुवातीच्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलावाच लागतो. ‘ई-२० वर गाडी मिसिंग मारते’ अशा तक्रारीचा शेवट बरेचदा चोंदलेल्या फिल्टरपाशी होतो. आधी तो बदला, मग मॅपला दोष द्या.

तुमच्या टाकीत काय आहे, ते स्वतः मोजा

पाटीवर ई-२० लिहिलेलं असलं तरी मोजणं सोपं आहे आणि ट्यूनिंगच्या दिवशी ते अनिवार्य मानायला हवं. प्रयोगशाळेच्या दुकानात १०० मिलिचा मोजपात्र-सिलिंडर मिळतो, काचेचा घ्या. त्यात २० मिलि स्वच्छ पाणी ओता. वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, म्हणजे पेट्रोल ८० मिलि झालं. तोंड घट्ट बंद करून मिनिटभर हलवा, मधूनमधून झाकण सैल करून वाफ सोडा आणि सपाट जागी ठेवा. दहा मिनिटांत दोन थर स्वच्छ वेगळे होतात. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर २० वरून वर चढलेला दिसतो. तो ३६ च्या खुणेजवळ असेल तर १६ मिलि इथेनॉल आलं, ८० मध्ये १६ म्हणजे वीस टक्के. थोडं इथेनॉल वरच्या थरात राहतं, म्हणून आकडा किंचित कमी दिसला तर हरकत नाही. ३० च्या आसपास अडकला तर मिश्रण बारा-तेरा टक्क्यांचं आहे, आणि त्या टाकीवर केलेलं ट्यूनिंग पुढच्या टाकीवर लीन पडेल, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडेल. हा प्रयोग उघड्यावर, चुलीपासून आणि विजेच्या बटणांपासून लांब करायचा, आणि वापरलेलं पेट्रोल पुन्हा टाकीत ओतायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये हीच तपासणी वेगळ्या कारणासाठी करा. माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूला पाऊस कोसळतो आणि हवा आठवडे आठवडे दमट असते. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून निघून जातं, त्रास नाही. ते मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंपाचं तोंड तळाशीच असतं. मग गाडी आधी जवळपास पाणीच ओढते आणि बंद पडते. पावसाळ्यात ज्या पंपावर गर्दी असते आणि माल लवकर फिरतो तिथेच भरा. टाकीच्या झाकणाचं रबर बघा, मोटारसायकलच्या झाकणाखालची पाणी निचऱ्याची नळी मोकळी ठेवा. शेतातल्या पेट्रोल फवारणी पंपांनाही हेच लागू आहे: हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून ठेवा.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कारखाना जवळ आहे, तिथून स्पिरिट आणून टाकीत मिसळू, असा विचार कुणी मनातही आणू नये. साध्या ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी राहतंच, कितीही वेळा उकळलं तरी ते निघत नाही. इंधनात मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वरचं निर्जल इथेनॉल लागतं, आणि ते पाणी काढायला डिस्टिलरीत मॉलिक्युलर सिव्हचे मनोरे असतात. पाणीवालं स्पिरिट पेट्रोलमध्ये ओतलं की थंडीच्या पहाटे टाकीत दोन थर पडणार. शिवाय अशी खरेदी-विक्री राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याखालीच होते. परवाना नसताना केली तर गुन्हा.

इंजेक्शनच्या गाडीचं ट्यूनिंग: पहिला दिवस फक्त वाचनाचा

ओबीडी पोर्टला लावायचा डोंगल आणि मोबाइल एवढ्याने सुरुवात होते. गाडी पूर्ण गरम करा आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघा. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून संगणकाने इंधनात किती टक्के कायमची भर घातली आहे, ते तो सांगतो. ई-१० साठी बेतलेल्या निरोगी गाडीत ई-२० वर तो चारच्या आसपास अधिक दिसायला हवा. तेवढा दिसत असेल तर संगणक आपलं काम चोख करतोय. दहाच्या वर असेल तर ट्यूनिंगचा विचार बाजूला ठेवा आणि दोष शोधा: इनटेकची गळती, थकलेला पंप, घाण झालेला इंजेक्टर. दोष असलेल्या इंजिनावर मॅप चढवणं म्हणजे ताप असलेल्या पैलवानाला आखाड्यात उतरवणं.

पुढचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ही आपोआप होणारी भर प्रामुख्याने अर्ध्या थ्रॉटलच्या, निवांत चालवण्यातली आहे. पूर्ण थ्रॉटल दिला की अनेक संगणक सेन्सरचं ऐकणं थांबवतात आणि आत लिहून ठेवलेल्या आकड्यांवर चालतात. ते आकडे जुन्या पेट्रोलचे असतील तर गाडी गावात गोड चालते आणि चढावर पूर्ण दाबली की उपाशी पडते. नेमकं तेव्हाच सिलिंडर सर्वांत तापलेलं असतं. म्हणून परफॉर्मन्स गाडीला साधा सेन्सर पुरत नाही, एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर हवा.

वाइडबँडच्या मीटरवर लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन गुणोत्तर भागिले त्या इंधनाच्या पूर्ण ज्वलनाचं गुणोत्तर) वाचा, नुसतं हवा-इंधनाचं गुणोत्तर नको. मीटर आतून लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, इंधन कुठलंही असो. ई-२० चं गणित १३.५ आहे हे वाचून एखादा मीटरवर १३.५ आणायला जातो, तेव्हा प्रत्यक्षात लॅम्डा ०.९२ झालेला असतो: निवांत चालीत विनाकारण जास्तीचं इंधन जळतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. लॅम्डामध्ये बोललं की हा गोंधळ उरत नाही. निवांत चालीत १.००. पूर्ण थ्रॉटलवर साध्या इंजिनाला ०.८६ ते ०.९०, टर्बोला ०.८० ते ०.८५ पासून सुरुवात करावी.

इंधन या पट्ट्यात बसलं की इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे आहेत तेही पाहा. ८५ टक्क्यांच्या वर गेले तर ते संपले, मोठे बसवावे लागतील. टीएसआयसारख्या थेट इंजेक्शनच्या इंजिनात रेल प्रेशर हा आणखी एक आकडा आहे: संगणकाने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब एकमेकांना सोडून चालले तर हाय-प्रेशर पंप कमी पडतोय. तिथेच थांबा.

आता टायमिंग. एकावेळी एक डिग्री, एकाच आरपीएमच्या टप्प्यात, आणि प्रत्येक वेळी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, टॉर्क वाढला का ते पाहायचं. टॉर्क वाढणं थांबलं की तिथून पुढची डिग्री फक्त जोखीम देते. प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड लॉगमध्ये वाचा. एखादा सिलिंडर पुन्हा पुन्हा तीन डिग्री मागे खेचला जात असेल तर संगणक तुम्हाला नको म्हणतोय. त्याच्याशी वाद घालू नका, दोन डिग्री कमी करा. कानावरही विश्वास ठेवा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड ऐकू आली की पाय उचलायचा, मग मीटर काहीही म्हणो.

हे सगळं डायनोवर करायचं, पुण्यात ती सोय आहे. माळशेज घाटात किंवा पुणे-नाशिक रस्त्यावर मॅप तपासणारी पोरं स्वतःला आणि समोरून येणाऱ्या ऊसवाल्या ट्रॅक्टरला धोक्यात घालतात. डायनोच्या एका दिवसाचे पैसे परवडत नसतील तर ट्यूनिंगही परवडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

जुन्नरची उंची, वैशाखाचं ऊन

जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा आठेक टक्क्यांनी कमी असतो. साध्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते, नॉकिंगही थोडं कमी होतं. टर्बोचं उलट आहे. तेवढाच बूस्ट गाठायला त्याला पातळ हवेत जास्त फिरावं लागतं आणि निघणारी हवा जास्त तापते. म्हणून मुंबईत बनवलेला मॅप मुरबाड-माळशेजमार्गे वर आला की तोच राहत नाही. मॅप बनवणाऱ्याला तुमचा पत्ता आणि उंची दोन्ही सांगा. इनटेक हवेचं तापमान वाढल्यावर टायमिंग मागे घेणारा तक्ता त्याने भरला आहे का, ते विचारा.

पावसाळ्यात धुक्याच्या गारव्यात गाडी जे टायमिंग सहज घेते, ते एप्रिल-मेच्या दुपारी ओतूरहून आळेफाट्याकडे जाताना घेणार नाही. शक्य असेल तर ट्यूनिंग उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात केलं असेल तर उन्हाळ्यात पुन्हा लॉग तपासा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा दुसरी अडचण येते: इथेनॉल थंडीत लवकर वाफ होत नाही, गाडी स्टार्टला जड होते. स्टार्टच्या वेळचं जादा इंधन थोडं वाढवून घेतलं की ती सुटते. ई-२० वर हा त्रास कमीच असतो, वरच्या मिश्रणांत तो ठळक होतो.

स्पार्क प्लग मूळ ट्यूनवर मूळ हीट रेंजचाच ठेवा. बूस्ट वाढवला असेल तर एक पायरी थंड घ्या. एनजीकेचा नंबर वाढला की प्लग थंड होतो, बॉशचा नंबर कमी झाला की थंड होतो. ही उलटी मांडणी लक्षात ठेवून मागा. आणि रेझिस्टरवालाच घ्या. त्याचं एक कारण तुमच्याच गाडीचं आहे, ठिणगीची खरखर संगणकाच्या आणि सेन्सरच्या वायरींत शिरते. दुसरं कारण आपल्या परिसराचं. खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ तरंग तो ऐकतो, आणि उघड्या ठिणगीचा गोंगाट त्याच पट्ट्यात पसरतो. जगभरचे शास्त्रज्ञ ज्या शांततेसाठी या खोऱ्यात आले ती आपण जपली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वरच्या मिश्रणाची ओढ

इंडियन ऑइलने १५ मार्च २०२४ ला ‘इथेनॉल १००’ हे इंधन पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आणलं. त्यात महाराष्ट्रही आहे. या इंधनात सुमारे ९३ टक्के इथेनॉल असतं. ते त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांसाठी आहे. टीव्हीएसने २०१९ मध्येच अपाचे आरटीआर २०० ची इथेनॉल आवृत्ती काढली होती, होंडाने २०२४ मध्ये ई-८५ पर्यंत चालणारी सीबी ३०० एफ आणली. अशी गाडी घेणाऱ्याला ट्यूनिंगची चिंता कंपनीने आधीच वाहिलेली मिळते, आणि इथेनॉलची खरी मजा घ्यायचा हाच सर्वांत शहाणा रस्ता आहे.

ट्रॅकवरच्या टर्बो गाडीसाठी कुणी मिश्रण वाढवायचं म्हणत असेल तर हिशेब असा: ३० लिटर ई-२० मध्ये १० लिटर ९३ टक्क्यांचं घातलं की टाकीत ३८ टक्के इथेनॉल होतं. इंधनाची मागणी ई-२० पेक्षा आणखी सातेक टक्क्यांनी वाढते. पंप, इंजेक्टर, रेल प्रेशर यांची वर सांगितलेली तपासणी यात पास झाली तरच पुढे जा. आणि अंदाजाने चालू नका, फ्लेक्स फ्युएल सेन्सर बसवा. इंधनाच्या पाइपमध्ये बसणारा हा सेन्सर इथेनॉलचं प्रमाण कंपनसंख्येत सांगतो: शुद्ध पेट्रोलवर ५० हर्ट्झ, शुद्ध इथेनॉलवर १५०. ई-२० वर ७० दिसायला हवेत. संगणक त्यानुसार दोन मॅपच्या मधला आकडा काढतो, त्यामुळे वाटेत मंचरला साधं पेट्रोल भरलं तरी इंजिन वाचतं. सेन्सरशिवाय दोन मॅप खिशात घेऊन फिरणाऱ्याने कधीतरी चुकीच्या टाकीवर चुकीचा मॅप लावलेला असतोच.

आरएक्स १०० आणि कार्बोरेटरवाल्या

इथे संगणक नाही, भर घालणारं कुणी नाही. जेट आहे तेवढंच. शुद्ध पेट्रोलवर बसवलेली आरएक्स ई-२० वर साडेसात टक्के लीन चालते, आणि दोन-स्ट्रोक इंजिनात लीन म्हणजे तापलेला पिस्टन. जेटमधून जाणारं पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून व्यास चारेक टक्के वाढवला की पुरतं. व्यवहारात मेन जेट एक नंबर मोठं, फार तर दोन. सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येते आणि मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल वाढतं. एअर स्क्रू गरम इंजिनावर, आयडल सर्वांत स्थिर होईल तिथे.

मग प्लग वाचा. गाडी गरम करून मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये थोडं खेचा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, प्लग काढा. पोर्सेलिनच्या मुळाशी फिकट तपकिरी कडं दिसलं तर बरोबर. पांढराफटक आणि काठावर चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ताबडतोब थांबा, ते वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. काळा ओला प्लग म्हणजे जेट जास्त झालं. इथेनॉलवर प्लगचा रंग पेट्रोलपेक्षा फिकट येतो, त्यामुळे रंगासोबत पीयूसीच्या मशीनवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही बघा. तो अगदी नगण्य दिसला तर आयडल लीन आहे, ४.५ टक्क्यांच्या वर गेला तर नापास. आरएक्सला ऑइलचा वेगळा पंप आहे, त्याची केबल जेट बदलल्यावर पुन्हा खुणेवर जुळवून घ्या. सायलेन्सर कापून किंवा एअर फिल्टर काढून आवाज वाढवणाऱ्यांना मात्र काहीच सांगण्यात अर्थ नाही. ते आधीच लीन असलेल्या इंजिनाला आणखी लीन करतात.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. वॉरंटीतल्या गाडीचा मॅप बदलला तर वॉरंटी गेली असं समजा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवता अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारा मॅप घेऊच नका. ट्यूनरकडून मूळ मॅपची फाइल, नव्या मॅपची फाइल आणि डायनोचा लॅम्डा व नॉकचा लॉग या तीन गोष्टी घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ज्याने काम नीट केलंय तो लॉग द्यायला कां-कूं करत नाही.

नंतरची निगा

छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं, झाकणाखाली साईसारखा पांढरट थर दिसतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा, म्हणजे ते उडून जाईल. ट्यून केलेल्या टर्बोचं ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या अलीकडेच बदला. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर इंधन ऑइलमध्ये मिसळतंय. लॉग काढून स्टार्टचं आणि पूर्ण थ्रॉटलचं इंधन पुन्हा तपासून घ्या.

हौसेची गाडी पावसाळ्यात काही आठवडे उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा कमी मावते. दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करणं बरं. दसऱ्याला बाहेर काढताना आधी तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून उजेडात धरा. एकसारखं स्वच्छ असेल तर चावी फिरवा. खाली वेगळा थर किंवा दुधाळ गढूळपणा दिसला तर स्टार्टर मारू नका: टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, ताजं पेट्रोल भरा आणि मगच सुरू करा.